पानगळीच्या वाटेवर स्केचबुक घेऊन: सह्याद्रीतली झाडं रेखाटायला शिकताना

झाड काढायला शिकायचं असेल तर पावसाळा सोडून द्या. श्रावणातला सह्याद्री कितीही देखणा असला तरी तेव्हा झाड पानांनी पुरतं झाकलेलं असतं आणि नवशिक्याच्या कागदावर उतरतो तो एक हिरवा गोळा नि त्याखाली तपकिरी दांडा. चित्रकलेच्या एलिमेंट्री परीक्षेला आपल्यापैकी बहुतेकांनी हेच काढून पास मिळवला आहे. माघ-फाल्गुनात जंगलात गेलात की तेच झाड फांदीन् फांदी मोकळी करून समोर उभं असतं. ते कुठे वळलं, कुठे मोडलं, कुठून नव्याने फुटलं हे सगळं दिसतं. म्हणून माझं ठाम मत आहे की चित्रकलेच्या दृष्टीने आपल्या जंगलाचा सर्वांत चांगला हंगाम पानगळीचा. ट्रेकर मंडळी या दिवसांत 'आता सगळं सुकलं' म्हणून पाठ फिरवतात, त्यामुळे वाटाही निवांत असतात.

आधी हंगाम ओळखा

युरोप-अमेरिकेतली पानगळ सप्टेंबर-ऑक्टोबरची. दिवस लहान होतात, थंडी वाढते आणि मेपल-ओकची झाडं पेटल्यासारखी लाल-पिवळी होतात. आपल्याकडे कारण वेगळं आहे. पावसाचं पाणी जमिनीतून ओसरत जातं, पानांवाटे उडून जाणारं बाष्प झाडाला परवडेनासं होतं आणि ते पानं टाकून देतं. त्यामुळे आपली पानगळ डिसेंबरात सुरू होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये भरात असते. महाशिवरात्र ते होळी एवढा काळ धरून चला. थंडी सरत आलेली असते, ऊन अजून चावत नसतं, आणि सावर, पळस, पांगारा ही मंडळी बिनपानांच्या फांद्यांवर फुललेली असतात.

रंगांबद्दल अपेक्षा नीट ठेवा. परदेशातल्या फोटोंसारखा लाल डोंगर इथे दिसणार नाही. आपलं जंगल गंजाच्या, मातीच्या, वाळल्या गवताच्या रंगाचं होतं आणि मधूनच काकडाचं एखादं झाड पिवळं-तांबूस होऊन उठून दिसतं. मार्चमध्ये जंगलात एखादं झाड लालबुंद दिसलं तर लगेच 'पानगळ' म्हणून वहीत लिहू नका. ते बहुधा कोशिंबाचं, म्हणजेच कुसुमाचं झाड असतं आणि ती लाल पानं नवी कोवळी पालवी असते. जवळ जाऊन पान हातात घेतलं की कळतं: गळणारं पान कडक नि खरखरीत, कोवळं पान मऊ आणि चकचकीत.

कुठे जायचं

सगळं सह्याद्री उघडं पडत नाही. महाबळेश्वर, आंबोली, भीमाशंकरचा माथा इथलं रान सदाहरित किंवा निमसदाहरित आहे, तिथे फेब्रुवारीतही डोक्यावर गर्द छत असतं. आपल्याला हवं ते पायथ्याचं, मधल्या उतारांवरचं पानझडी जंगल. मुंबईकरांसाठी बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, ठाण्याचं येऊर, वसईजवळचं तुंगारेश्वर. पनवेलपासून जवळ, मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळा. पुण्याच्या टेकड्यांवर मूळचं जंगल फार उरलेलं नाही, पण फेब्रुवारीत तिथे गिरिपुष्पाची झाडं पानं टाकून फिकट गुलाबी फुलतात. हे झाड बाहेरून आणून लावलेलं आहे, पण हात बसवायला उत्तम. विदर्भात तर साग, ऐन, मोह, तेंदू यांची खरी पानगळ बघायला मिळते. मात्र व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यात पायी मोकळं फिरता येत नाही, तिथे रेखाटन करायचं तर गावशिवाराच्या कडेने.

पहिल्या वारीसाठी मी बोरिवलीच्या उद्यानातली कान्हेरीची वाट सुचवेन. फाटकापासून लेण्यांपर्यंत साधारण सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे, चुकण्याची भीती नाही, दोन्ही बाजूंना जंगल आहे आणि थकलात तर परतायला बस मिळते. वर पोचल्यावर शंभरहून अधिक लेणी कोरलेला कातळ आहे, पाण्याच्या पोढी, म्हणजे कातळात कोरलेली टाकी आहेत. झाडं काढून कंटाळा आला तर कातळातल्या पायऱ्या काढा, सरळ रेघांनी हाताला विश्रांती मिळते. सोमवारी उद्यान बंद असतं. आतल्या पायवाटांवर, उदाहरणार्थ शिलोंढ्याच्या वाटेवर, परवानगी आणि उद्यानाचा वाटाड्या घेऊनच जायचं. इतर कुठल्याही राखीव जंगलात जाताना आदल्या आठवड्यात वनखात्याच्या चौकीवर किंवा गावात चौकशी करा.

सॅकमध्ये काय

चित्रकलेचं सामान जितकं कमी तितकं रेखाटन जास्त होतं, यावर माझा पक्का विश्वास आहे. ए-फाइव्ह आकाराची स्पायरल वही घ्या, कागद निदान दीडशे जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप; आकडा मोठा तितका कागद जाड), नाहीतर रंगाचं पाणी लागताच पान लाटा धरतं. एक एचबी, एक फोरबी (जास्त मऊ, गडद उमटणारी) पेन्सिल. एक वॉटरप्रूफ काळं पेन. खोडरबर घ्या, पण तळाशी ठेवा. पानं वाऱ्याने उडू नयेत म्हणून दोन मोठ्या क्लिपा. रंगांची हौस असेल तर शाळेतली बारा रंगांची जलरंगाची पेटी आणि दांड्यात पाणी भरता येणारा वॉटरब्रश. रंगाचं पाणी झऱ्याचं मिळेल असं समजू नका, या दिवसांत ओढे आटलेले असतात.

त्याच कारणाने पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर. झाडांना पानं नाहीत म्हणजे वाटेवर सावलीही नाही, हे घरून निघताना लक्षात येत नाही. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पायभर पँट. कपडे मातकट रंगाचे असले तर पक्षी जवळ येतात. बसायला फोमचा जाड तुकडा घ्या, कारण एका झाडापुढे तुम्ही अर्धा-पाऊण तास बसणार आहात आणि कातळ सकाळी गार, दुपारी तापलेला असतो. खाण्याला भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, संत्री. सालं परत आणायची.

चूल, शेगोटी, सिगारेट यातलं काहीही नको. या दिवसांत जमिनीवर घोट्याएवढा पाचोळा असतो, एका ठिणगीने वणवा लागतो. वनखातं दर वर्षी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळे केलेले पट्टे, काढतं ते याचसाठी.

चालताना

पहाटे निघा, सातच्या सुमारास वाटेवर असा. यामागे उन्हाइतकंच चित्राचंही कारण आहे. सकाळी दहापर्यंत ऊन तिरपं असतं, खोडाची एक बाजू उजळ आणि दुसरी गडद दिसते, फांद्यांच्या सावल्या खोडावर पडून त्याची गोलाई दाखवतात. बारा वाजता सगळं सपाट होतं. मग जेवण, विश्रांती, आणि चारनंतर पुन्हा तासभर.

ट्रेकचं किलोमीटरचं गणित इथे विसरा. रेखाटनाच्या वारीत चार-पाच किलोमीटर पुष्कळ झाले. उतारावर पाचोळ्याखाली मुरूम आणि सुटे धोंडे दडलेले असतात, घसारा दिसत नाही. पाय आडवा टाकत, पाऊल टेकलं की मगच भार देत उतरा. वही हातात धरून चालू नका. हात मोकळे हवेत.

सोबत दोन-तीन जण असावेत. बोरिवली-येऊरच्या जंगलात बिबटे आहेत आणि खाली वाकून, उकिडवा बसलेला एकटा माणूस बिबट्याला लहान सावज वाटू शकतो. म्हणून पहाटेच्या अंधारात आणि सूर्य कलल्यावर एकट्याने जमिनीवर बसून चित्र काढू नका. पाठीशी मोठं खोड किंवा कातळ ठेवा, एकाने आजूबाजूला लक्ष ठेवावं, बाकीच्यांनी काढावं, मग पाळी बदलावी.

बसण्याआधी जागा काठीने ठोकून बघा. फुरसं हा विषारी साप. ते वाळक्या पानांच्या आणि दगडांच्या रंगात इतकं मिसळून जातं की नुसत्या नजरेवर भरवसा ठेवता येत नाही. वर बघणंही तितकंच गरजेचं. उंच सावरीवर किंवा कड्यावर आग्या मोहोळ असेल तर तिथून मुकाट्याने दूर व्हा, आणि त्या दिवशी अत्तर-परफ्यूम लावूच नका. दुसरी वर बघायची गोष्ट म्हणजे खाजकुइलीचा वेल. त्याच्या तपकिरी, मखमली, किंचित वळलेल्या शेंगा याच दिवसांत पिकतात, वाऱ्याने त्यांची लव उडते आणि मानेवर पडली की दिवस वाया गेला समजा. चुकून लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी दाबून उचला आणि मग धुवा.

तळकोकणात आणि गोव्यात आणखी एक काळजी. दोडामार्ग, सावंतवाडीचा काही भाग आणि गोव्यातली सत्तरी इथे माकडताप आढळतो. तो गोचिडींमधून पसरतो आणि त्याचा हंगाम म्हणजे नेमके हेच कोरडे महिने. तिथे पाचोळ्यावर बसू नका, पायमोजे पँटवर चढवा, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. जायच्या आधी स्थानिक आरोग्य केंद्रात विचारून घेतलेलं बरं.

झाड निवडा आणि आधी नुसतं बघा

पहिल्या दिवशी एकच झाड. जंगल काढायला जाऊ नका, ते कुणालाच एका बैठकीत जमत नाही. वाटेच्या कडेला थोडं सुटं उभं असलेलं, मागे आकाश दिसेल असं झाड शोधा. त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर बसा, म्हणजे मान वर-खाली न करता पूर्ण झाड डोळ्यांत मावतं.

आता पेन्सिल खाली ठेवून पाच मिनिटं बघा. खोड कुठल्या बाजूला झुकलंय? पहिली फांदी किती उंचीवर फुटली? सगळ्या फांद्या वर उठतात की आडव्या जातात? या प्रश्नांची उत्तरं प्रत्येक जातीची वेगळी आणि तीच झाडाची ओळख. काटेसावरीच्या फांद्या खोडातून जवळजवळ काटकोनात, एकाच उंचीवर चहूबाजूंना निघतात, मग थोडं अंतर सोडून पुन्हा तसाच मजला. खोड सरळ, बुंध्याशी पाख्यांसारखं रुंदावलेलं. पळस याच्या अगदी उलट: खोड वेडंवाकडं, फांदीला सरळ जाणं माहीतच नाही. साग उभा सरळ आणि शेंड्याला वाळलेल्या फुलोऱ्यांचे तुरे अजून धरून असतो. बहाव्याला काळ्या लांब शेंगा लोंबतात, शिरीषाला फिक्या चपट्या शेंगा असतात आणि त्या वाऱ्यावर खुळखुळत राहतात. ऐनाच्या सालीला खोल भेगा पडून तिचे चौकोनी तुकडे झालेले असतात. काही लोक तिला मगरीच्या पाठीची उपमा देतात आणि ती चपखल आहे.

आणि कांडोळ. पानगळीच्या जंगलातलं हे माझं सर्वांत लाडकं झाड. पांढरंफटक, जाड, फांद्यांची टोकंसुद्धा बोटाएवढी जाडजूड. काही गावांत याला भुत्या म्हणतात, चांदण्या रात्री हे झाड पाहिलं की का ते समजतं. जवळ गेलात तर सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेले दिसतील, कुठे पांढरे, कुठे गुलाबीसर, आणि पापुद्रा गेलेल्या जागी खालचा हिरवट थर. फळ पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखं, लालसर, लवेने भरलेलं. त्याला हात लावू नका, ती लवसुद्धा खाजरी आहे. नवशिक्याला कांडोळ सोपा जातो, कारण त्याला बारीक काटक्यांचा गुंता नसतो. गडद डोंगर मागे ठेवून पांढरं झाड काढायचं म्हणजे झाडाला हातच लावायचा नाही, मागचा डोंगर रंगवायचा. झाड आपोआप उभं राहतं.

सांगाडा काढणं

आता पेन्सिल. हात लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिलीने मोजा: जमिनीपासून पहिल्या दुबेळक्यापर्यंतचं अंतर पूर्ण उंचीत किती वेळा बसतं? तीन वेळा, चार वेळा, जे असेल ते. तेवढ्या खुणा कागदावर अगदी हलक्या करा. मग झाडाचा बाहेरचा घेर, म्हणजे फांद्यांची टोकं जोडली तर जो आकार होईल तो, एकाच हलक्या रेषेत. एवढं झालं म्हणजे झाड पानात मावलं. हे न करता बुंध्यापासून सुरुवात केली की शेंडा कागदाबाहेर जातो.

खोड काढताना जमिनीत रोवलेल्या खांबासारखं काढू नका. बुंधा जमिनीला टेकताना पसरतो, मुळं दिसतात, एका बाजूने माती सरकलेली असते. मग मुख्य फांद्या. इथे एक नियम मनात ठेवा, तो लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणवह्यांत नोंदवला होता: कुठल्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खालच्या खोडाएवढी भरते. याचा व्यवहारातला अर्थ असा की फांदी फुटली की उरलेलं खोड बारीक होतं, आणि दोन फाट्यांच्या मध्ये ते जवळपास एकाच जाडीचं राहतं. नवशिक्यांची फांदी गाजरासारखी निमुळती होत जाते ती हे न पाहिल्यामुळे.

चौथ्या-पाचव्या फांदीपाशी डोळे गोंधळू लागतात. तेव्हा फांद्या बघणं थांबवा आणि फांद्यांमधलं आकाश बघा. दोन फांद्यांच्या मध्ये आकाशाचा जो तुकडा सापडलाय त्याचा आकार काय, त्रिकोण, चिंचोळा पट्टा, की वाकडा चौकोन? तो तुकडा काढा. शेजारचा काढा. फांद्या मागाहून आपोआप योग्य जागी येतात. ही एकच युक्ती या लेखातून घेतलीत तरी तुमची झाडं बदलतील.

तुमच्या दिशेने येणाऱ्या फांद्या विसरू नका. फक्त डाव्या-उजव्या फांद्या काढल्या तर झाड दाबून सपाट केल्यासारखं दिसतं. समोर येणारी फांदी आखूड, जाड आणि थोडी गडद. मागे जाणारी फिकट. बारीक काटक्या एकेक काढत बसू नका, फोरबी पेन्सिल आडवी धरून शेंड्याकडे हलका राखाडी थर द्या आणि त्यात दहा-पंधरा रेघा धारदार. बाकीचं काम बघणाऱ्याचे डोळे करतात.

साल शेवटी, आणि सगळीकडे नाही. ऊन आणि सावली जिथे भेटतात त्या पट्ट्यातच पोत द्या. उजेडात तो दिसत नाही, गडद सावलीत हरवतो.

एक पान

जेवणानंतर, उन्हं डोक्यावर असताना, एक गळलेलं पान समोर ठेवा. सागाचं सर्वांत चांगलं, कारण ते वहीपेक्षा मोठं भरतं आणि बहुधा जाळी झालेलं असतं. पावसाळा सरताना एक अळी त्या पानाचा मऊ भाग खाते आणि शिरा तेवढ्या शिल्लक ठेवते. आकाशासमोर धरलंत की मधली शीर, तिच्यातून निघालेल्या आडव्या शिरा, त्यांच्यामध्ये चौकटी, चौकटींत आणखी बारीक चौकटी. अर्ध्याच पानाची जाळी काढा, उरलेलं अर्धं नुसत्या कडेने. राष्ट्रीय उद्यानातून पान, फूल, बी काहीही बाहेर नेता येत नाही, म्हणून तिथेच काढून तिथेच ठेवून या.

रंग देणार असाल तर हिरव्याच्या वाटेला जाऊ नका. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन ब्लू या चार रंगांत सगळी पानगळ भागते. बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन मिसळला की जो राखाडी तयार होतो तो खोडांचा रंग; निळा जास्त घातला तर सावलीतलं खोड, तांबडा जास्त तर उन्हातलं. काळ्या रंगाची वडी पेटीत तशीच राहू द्या. सावरीची फुलं असतील तर लाल शेवटी, थेट, पाणी कमी ठेवून. अशा सावरीखाली तास काढलात तर मैना, बुलबुल, सूर्यपक्षी मधासाठी ये-जा करताना दिसतील. ते हलतात, म्हणून पाच-पाच सेकंदांच्या नुसत्या रेषा घ्या.

घरी आल्यावर

चित्राखाली तारीख, वेळ, ठिकाण, झाडाचं नाव हे तिथे बसूनच लिहा. नाव माहीत नसेल तर वाटाड्याला किंवा गावातल्या माणसाला विचारा आणि तो सांगेल तेच नाव लिहा. पाड्यांवरच्या लोकांना झाडं पुस्तकापेक्षा जवळून माहीत असतात. सोबत सालीचा पोत, वास, फांद्यांची ठेवण अशा दोन ओळी टिपल्या तर नंतर ओळख पक्की करता येते.

त्याच रात्री वही मिटून एका कोऱ्या कागदावर ते झाड आठवणीने काढा, इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रासारखं. मग वही उघडून ताडून बघा. जे आठवलं नाही ते तुम्ही नीट पाहिलं नव्हतं, आणि पुढच्या वारीत बघायच्या गोष्टींची यादी तिथेच तयार होते. डोंगरात जाणं महिन्यातून एकदाच जमत असेल तर मधल्या दिवसांत सोसायटीतला देशी बदाम काढा. त्याच्या फांद्याही सावरीसारख्याच मजल्यामजल्याने निघतात, आणि तो पानं टाकण्याआधी ती खरोखर लाल करतो, ओल्या रंगांचा सराव घरबसल्या होतो.

फोरबीची पानं एकमेकांना घासून काळी होतात. प्रत्येक चित्रावर बटर पेपरचा तुकडा घालून वही क्लिपने घट्ट बंद करून ठेवा.